उभा फळा

माझा पहिला ऑनलाइन तास मी नांदेडच्या आमच्या घरात, हॉलमध्ये घेतला. मागे धुतलेला पडदा, अंगावर इस्त्रीची साडी, मुलाचा नवा फोन पुस्तकांच्या चवडीवर आडवा टेकवलेला आणि चित्रीकरण सगळ्यात वरच्या दर्जाचं, ज्याला तो फुल एचडी म्हणतो. सुरुवातीला संगीत, मग मी. पेल्यातली पेन्सिल वाकडी का दिसते हे मी इतकं सुरेख समजावलं की मलाच माझा अभिमान वाटला. अर्धापूरजवळच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथल्या दहावीच्या गटात तो व्हिडिओ टाकला आणि वाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत एकच प्रतिसाद आला. एका मुलानं लिहिलं होतं, ‘मॅडम, निसतं गोल फिरून राहिलंय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या सोनकांबळे सरांचा फोन आला.

“जय भीम मॅडम. साडी चांगली हाय.”

“आणि शिकवणं?”

“तिथवर पोचलो न्हाई. साडी दिसली अन् अडकलं.” मग म्हणाले, “तुमी लातूरच्या. तुमचं सगळंच फुल एचडी. पण वर्गातला सगळ्यात वाईट फोन कुणाचा हाय, ते इचारलं का तुमी?”

मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. मला राग आला होता, हे कबूल करते. लातूरच्या माणसाला शिकवण्यातलं कुणी काही सांगायला लागलं की राग येतोच, ते आमच्या पाण्यातच आहे.

सर तेव्हा निवृत्तीला आलेले. बुटके, काळेसावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हाताच्या बोटांना कायमचा खडू. बत्तीस वर्षं त्यांनी एकच विषय शिकवला आणि त्या विषयात त्यांना कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की ते खडू ठेवून वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत. मुलांना सरकायला लावत, मान वाकडी करून स्वतःचंच अक्षर बघत आणि परत येऊन एखादा आकडा पुसून मोठा काढत. ‘समजलं का’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. “समजलं का इचारलं की पोरं हाव म्हणतात. पोरं सभ्य हायत,” असं त्यांचं म्हणणं. ते विचारत, “दिसलं का?” आणि दिसलं नसेल तर पोरं खरंच तसं सांगत.

कोरोनामुळं शाळा बंद होती, जूनमध्ये फोनवरून दहावी सुरू झाली तेव्हा त्यांनी पहिल्या आठवड्यात काहीच शिकवलं नाही. दहावीच्या त्रेचाळीस घरांत फोन केले. अभ्यासाचं नाही विचारलं. फोन कुणाचा, किती मोठा, घरात किती वाजता असतो, उभा धरता का आडवा, काच फुटलीय का, नेट किती पुरतं, हे विचारलं आणि जुन्या हजेरीपटावर लिहून काढलं. तो हजेरीपट मी पाहिला आहे. नावापुढे हजर-गैरहजरच्या जागी ‘चार इंची’, ‘बापासोबत रानात’, ‘भावाचा, रात्रीच’ असं लिहिलेलं. त्या यादीत सगळ्यात खाली एक नाव होतं, अंजना. नावापुढे लिहिलं होतं, ‘खालून काळा.’

अंजना आमच्या शाळेत नवीनच. तिचे वडील, नामदेव, सालगडी. पाडव्याला साल बदललं की घर बदलतं आणि घरासोबत पोरीची शाळा. या वर्षी ते केळीच्या बागेतल्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, राहायला आले होते. पुस्तकं वाटायला पालकांना शाळेत बोलावलं तेव्हा नामदेव आले, तोंडाला गमछा बांधून. पुस्तकं घेतली आणि तिथंच उभे राहिले.

“सर, एक इचारू? धावीचा पेपर ह्या सालाला होतोय ना?”

“होईल की. का बरं?”

“पोरगी इचारती. म्हणती, आठवीपस्तोर कुणालाच नापास करत न्हाईत. नववीला कोरोना आला, बिनपेपराचं पास केलं. म्हणती, म्या कधी पास झालेच न्हाई, निसतं मला पुढं ढकललं. एक पेपर खरा द्यायचाय म्हणती. त्यात गणिताचा.”

 सर म्हणाले, “फोन दाखवा.”

नामदेवांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. जुना, छोटा, कोपऱ्यातून तडकलेला. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग. सरांनी तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला, उन्हात नेऊन बघितला. मग म्हणाले, “माझ्याकडं एक फोन पडून हाय, तो घेऊन जावा.” पडून वगैरे काही नव्हता, हातातला होता.

“नगं सर,” नामदेव म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुमी शिकवा. फोनचं आमी बघतो.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “घ्यायला हवा होता त्यांनी.”

“मला आवडलं,” सर म्हणाले. “आता आपलं काम वाढलं, पण आवडलं.”

दुकानं उघडल्यावर माझ्या फोनची काच बसवायला मी नांदेडच्या बाजारात गेले, तर सर तिथं दुकानदाराशी वाद घालत होते. त्यांना नामदेवांच्या फोनचाच जुना नमुना हवा होता. दुकानदारानं शोधून एक काढला आणि म्हणाला, “काच गई इसकी. नया लगाके देता ना मैं, आधे घंटे में.”

“नक्को. काच गयेलाच होना.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी सरांच्या घरची आहे आणि काहीतरी समजावून सांगेन. “टूटेला कायकू होना सर तुमको? नयेवाला दिखाऊँ?”

“मेरा एक विद्यार्थी टूटेले में देखता. उसको जो दिखता वो मेरेकू दिखना.”

 फोन पुसून, चार्जर जोडून, दुकानदारानं तो सरांच्या हातात ठेवला. पैसे घेताना मात्र नेहमीसारखी घासाघीस केली. आमच्या नांदेडात भावना वेगळी आणि व्यवहार वेगळा.

तो फोन हा सरांचा शेवटचा बाक झाला. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी एकच समीकरण फळ्यावर लिहिलं आणि चार वेगवेगळ्या दर्जांत त्याचं चित्रीकरण केलं: हजार ऐंशी, सातशे वीस, दोनशे चाळीस, एकशे चव्वेचाळीस. मग ते चारही व्हिडिओ त्या फुटक्या फोनवर, भर दुपारी, अंगणात उभे राहून बघितले. मी विज्ञानाची शिक्षिका, असला प्रयोग बघितल्यावर मला घरी जाववेना. पहिले दोन उघडेचनात. सगळ्यात हलका चटकन उघडला, पण त्यात वजाचं चिन्ह दिसेना. पाच वजा तीनचं पाच तीन झालं होतं.

“वजा मेला मॅडम,” सर गंभीरपणे म्हणाले. “एकशे चव्वेचाळीसमधे वजा जगत न्हाई. दोनशे चाळीसमधे जगतो. आपला मुक्काम दोनशे चाळीस.”

एवढं एक ठरलं आणि मग बाकी सगळं त्याच्या मागं आलं. दोनशे चाळीसात वाचता यावं म्हणून अक्षर वीतभर उंच आणि बोटभर जाड. खडू पाण्यात भिजवून घ्यायचा, म्हणजे वाळल्यावर पांढरा फटक उमटतो. दशांशचिन्ह लिंबाएवढं. एका ओळीत आठच खुणा, नववी आली की खाली. राहिला प्रश्न उभ्या-आडव्याचा. त्रेचाळीसपैकी जवळपास सगळी पोरं फोन उभाच धरत होती, आणि आडवा व्हिडिओ उभ्या फोनवर काडेपेटीएवढा दिसतो. मी म्हटलं, मुलांना फोन आडवा धरायला सांगू. सर म्हणाले, “बत्तीस वर्षं झाली, पोरं सरळ बसत न्हाईत. फोन कुठून आडवा धरतील?” आणि ते कोठीच्या खोलीत गेले.

तिथं एक जुना लाकडी फळा पडला होता. आडवाच, जसे सगळे फळे असतात. सरांनी तो बाहेर ओढून काढला आणि व्हरांड्याच्या खांबाला उभा टेकवला. रंगाचा डबा आणून स्वतः काळा केला. फोनही उभा, फळाही उभा. इतकी वर्षं आपण फळा आडवा का लावत होतो याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. मी घरी जाऊन माझा पडदा काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून सरांच्या उभ्या फळ्यावर प्रकाशाचे किरण काढायला लागले. साडीवर कुणी बोललं नाही, कारण साडी दिसतच नव्हती. सरांचाही फक्त हात दिसायचा. तोंड दाखवण्यात जागा जाते, असं त्यांचं मत.

अंजनाच्या डागासाठी त्यांनी वेगळी युक्ती काढली. फळ्यावर चौकटी आखल्या, चार रांगा उभ्या, सहा आडव्या. त्यांत एक ते चोवीस आकडे लिहिले आणि तो व्हिडिओ फक्त तिला पाठवला. मग फोन करून म्हणाले, “कोणचे आकडे दिसंनात ते सांग.”

“सतरा, एकवीस, बावीस,” ती म्हणाली.

सरांनी फुटक्या फोनच्या काचेवर तेवढ्याच जागी काळी चिकटपट्टी लावली. आता दोन्ही फोन सारखे. त्या तीन चौकटींत काही लिहायचं नाही, एवढंच पथ्य. आम्हाला वाटलं, झालं काम. पण तुटलेल्या काचेतला तो काळा डाग एका जागी थांबत नाही, पसरतो, हे ना मला माहीत होतं ना त्यांना. दर रविवारी सर तोच चौकटींचा व्हिडिओ तिला उघडायला लावत आणि ती आकडे सांगे. पुढच्या रविवारी तिचा आवाज आला, “सर, अठरा गेला.” त्याच्या पुढच्या वेळी तेरा आणि तेवीस. सर चिकटपट्टी कापत आणि लावत. त्या जुन्या फोनची काच नांदेडात मिळेना, हैदराबादला निरोप गेला, तिथंही मिळेना. फोनबद्दल सरांनी नामदेवांना आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नामदेव म्हणाले, सोयाबीन निघालं की घेतो. त्या साली सोयाबीन काढणीला आलं आणि पावसात भिजलं.

म्हणजे हिशेब साधा होता. शाळा आधी उघडते की डाग आधी वरपर्यंत पोचतो. तिचा तो खरा पेपर या एकाच गोष्टीवर लटकला होता, आणि सर रोज सकाळी शाळेत आल्यावर आधी बातमी विचारायचे आणि मग फळ्याकडे बघायचे.

गणपती बसले तोवर खालच्या दोन ओळी गेल्या होत्या. सर फक्त फळ्याच्या वरच्या भागात लिहीत. उभा केलेला फळा त्यांच्यापेक्षा उंच, त्यामुळे स्टुलावर चढून. स्टूल डगमगायचं, म्हणून एका हातानं मी ते धरायचे आणि दुसऱ्या हातानं फोन. सत्तावन्न वर्षांचा माणूस, भिजवलेला खडू कोपरापर्यंत ओघळतोय, आणि तोंडानं चाललंय, “एक्स बराबर, दिसलं का?” असे तीन आठवडे गेले. एके दिवशी माझा हात अवघडला आणि फोन थोडा खाली झुकला. चित्रीकरण बघितलं तर फळा आपोआप पडद्याच्या वरच्या भागात गेलेला आणि खाली सगळी फरशी.

मी सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ ते बघितलं. मग स्टुलावरून उतरले, स्टूल उचलून वर्गात ठेवून आले आणि हात झटकत म्हणाले, “मॅडम, ह्यातलं कुणाला सांगायचं न्हाई. भूमिती शिकवतो मी.”

“मीही प्रकाश शिकवते,” मी म्हटलं. आम्ही दोघंही खूप हसलो. त्या वर्षात इतकं मनापासून हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तेव्हापासून आमच्या व्हिडिओंत खाली निम्मी फरशी असायची, आणि तिच्यावरून शाळेतलं कुत्रं येजा करायचं. पोरं गणितापेक्षा कुत्र्याची चौकशी जास्त करत. तपासणीला केंद्रप्रमुख आले, व्हिडिओ बघितले आणि म्हणाले, “सर, निम्मा व्हिडिओ फरशीचा आहे.”

“हाव. फरशी बी शाळेचीच हाय,” सर म्हणाले. कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही. वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही कधी सांगितलं नाही. कुणाचा फोन वाईट आहे हे त्या गटात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

मी एकदा त्यांना विचारलं. बेचाळीस पोरांना चांगला मोठा फळा दिसू शकतो, एका पोरीसाठी सगळ्यांचा एवढासा का करायचा? प्रश्न चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही, पण तो मी विचारायला नको होता. सर व्हरांड्याच्या पायरीवर बसून डबा खात होते. म्हणाले, “आमच्या गावच्या शाळेत वर्ग भरला की आमाला दारात बसवायचे.” आम्हाला म्हणजे कुणाला, हे मला विचारावं लागलं नाही. “दाराची फळी आड यायची. उजवा अर्धा फळा दिसायचा, डावा न्हाई. मग जे दिसलं त्याच्यावरून न दिसलेलं काढायचं. इतिहासात ते जमत न्हाई. भूगोलात न्हाई. गणितात जमतं. बराबरच्या ह्या बाजूचं दिसलं की त्या बाजूचं काढता येतं. म्हणून गणित धरलं मी.”

हे ते हसत सांगत होते. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ठेचा लावला आणि मला म्हणाले, “घ्या की मॅडम, तुमच्या लातूरला एवढं तिखट खात न्हाईत.” मी तो तुकडा घेतला. माझे वडील लातूरला शिक्षक होते, मी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकले.  

दसऱ्यापर्यंत अंजनाच्या फोनवर वरच्या दोनच ओळी राहिल्या, त्यातही पाच आणि सहा गेलेले. त्रिकोणाचा पाठ नेमका तेव्हाच आला. त्रिकोण काही दोन ओळींत मावत नाही. सर दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर फक्त पाया काढला, एक आडवी रेघ. “ही मनात ठेवा,” म्हणाले आणि पुसली. मग तिच्यावरचा लंब. तोही पुसला. मग कर्ण. असा तुकड्या-तुकड्यानं सगळा त्रिकोण पोरांच्या डोक्यात बांधला, आणि सिद्धताही एका वेळी एकच ओळ लिहून, थांबून, पुसून केली. एका ओळीनंतर ते पुरते दहा आकडे मोजत आणि मगच पुढची लिहीत. त्या रात्री गटात पोरांचे निरोप आले. सर, हे पहिल्यांदा समजलं. चांगल्या फोनवाल्या पोरांचे.

“म्हणजे बत्तीस वर्षं मी जास्तीचं लिहीत होतो,” सर मला म्हणाले. त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट नवीन खेळणं मिळाल्यासारखे ते पुढचे काही दिवस वावरले.

दिवाळी झाली आणि नववी-दहावीचे वर्ग उघडायचे ठरले. शेवटच्या रविवारी अंजनानं सांगितलं, “सर, दोन गेला. तीन अन् चार हायत.” सर म्हणाले, “असू दे. सोमवारी ये.”

त्या सोमवारी फाटकाशी सरांची ड्यूटी होती, पोरांचं तापमान बघून वहीत लिहायची. तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. मी बाजूला हात धुवायच्या साबणापाशी उभी होते. एक उंच, हडकुळी पोरगी आली, दोन वेण्या, गणवेशाचा रंग आमच्या शाळेचा नाही. सरांनी कपाळापुढे यंत्र धरलं. ती त्यांना म्हणाली, “सोनकांबळे सर कुठं भेटतेल? म्या अंजना. आखाड्यावरची.”

पाच महिने दर रविवारी ऐकलेला आवाज. सरांनी तो ओळखला.  उत्तर द्यायचं सोडून ते खाली वाकून वहीत तिचं तापमान लिहायला लागले. ती वाट बघत उभी राहिली, मग सहज वहीत बघितलं. सर सात लिहिताना त्याच्या शेपटीला एक जोराचा झटका देतात. ती त्या साताकडे बघत राहिली, मग खडूनं भरलेल्या बोटांकडे.

“हा सात तुमचा हाय,” ती म्हणाली. “तुमीच सर हायत.”

सरांनी मान हलवली. ती वाकून पाया पडायला लागली तर त्यांनी अंतर ठेव म्हणून हात आडवा केला, कारण नियम तसा होता, आणि मग नियम विसरून तिच्या डोक्यावर तो हात ठेवला. मी साबणाचं पाणी उगाच दोन पोरांच्या हातांवर पुन्हा ओतलं.

पुढचे तीन महिने शाळा चालली. अंजना वर्गात बसली, सगळा फळा बघून शिकली, आणि तिनं सरांना अवघड प्रश्न विचारून बेजार केलं. शेवटी पुन्हा साथ वाढली, शाळा बंद झाली आणि शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला बातमी आली की दहावीची परीक्षा रद्द. सगळे पास. आमच्या गटात पोरांनी फटाक्यांची चित्रं पाठवली. अंजनाकडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी नामदेव सरांकडे आले. म्हणाले, “सर, पोरगी दोन दिवस झाले जेवली न्हाई. म्हणती, पुन्हा ढकललं मला.”

सरांचा निवृत्तीचा महिना होता. माझी आंतरजिल्हा बदली झाली होती, लातूरला. कागदपत्रं घ्यायला मी शाळेत आले तो माझा तिथला शेवटचा दिवस. आले तर एका वर्गाचं दार उघडं, आणि दारावर खडूनं लिहिलेलं, ‘परीक्षा चालू आहे. शांतता राखा.’

मुख्याध्यापकांची परवानगी सरांनी काढली होती. एक पोरगी, एक शिक्षक, सहा फुटांवर. प्रश्नपत्रिका त्यांनी रात्री बसून स्वतःच्या अक्षरात काढली होती, पाकिटात घालून लाखेनं बंद केली होती. मला आत बोलावलं आणि पाकीट फोडलेलं नाही याची साक्षीदार म्हणून सही घेतली. अंजना मधल्या बाकावर बसली होती, बाकाच्या कोपऱ्यावर बैठक क्रमांक चिकटवलेला. एकूण पंचवीस बाक, चोवीस रिकामे. सर पुढे उभे राहिले, घड्याळ बघितलं आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवत म्हणाले, “गैरप्रकार करताना कुणी आढळला तर कडक कारवाई होईल.” ती हसली नाही. तेही हसले नाहीत. मी मात्र हसू आवरून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर माझे कागद तपासत बसले. समोर कडुलिंबाखाली नामदेव बसले होते, परीक्षा केंद्राबाहेर पालक बसतात तसे.

मी खिडकीतून अधूनमधून बघत होते. दोन तासांत सर बाकांच्या रांगांतून सारखे फिरत होते, पण तिच्या उत्तरपत्रिकेत त्यांनी एकदाही डोकावून पाहिलं नाही. वर्षभर तिला काय दिसतंय यावाचून दुसरं काही न पाहिलेला माणूस तिच्या बाकाशी आला की मान दुसरीकडे वळवत होता. परीक्षेत पर्यवेक्षकानं बघायचं नसतं.

ती पास झाली, हे मला पुढे फोनवर कळलं. गुण सरांनी सांगितले नाहीत. “मॅडम, ढकललं न्हाई,” एवढंच म्हणाले. अंजना आता नांदेडला बीएस्सी करते, गणित घेऊन. सर उदगीरला लेकीकडे राहायला गेले. फोन असतो त्यांचा, भेट नाही. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी.

पेपरची शेवटची वीस मिनिटं राहिली असतील. माझ्या गाडीची वेळ झाली होती, मी पिशवी उचलून निघाले होते. तेवढ्यात आतून आवाज आला, “सर, पुरवणी.” सरांनी टेबलावरची पुरवणी दिली, सही केली, दोरा दिला. एकच आणली होती त्यांनी, एका पोरीला किती लागणार म्हणून. दहा मिनिटं गेली नाहीत तोच पुन्हा आवाज आला, “सर, अजून एक.”

सर दारात आले. मला म्हणाले, “मॅडम, वर्गावर लक्ष ठेवा, कॉपी होऊ देऊ नका.” आणि मे महिन्याच्या त्या उन्हात, मैदानाच्या पलीकडच्या ऑफिसकडे, एका हातानं टोपी धरून, पुरवणी आणायला पळत सुटले.